चित्रातलं वादळ

अटारी कंपनीचा २६०० हा टीव्हीला जोडून खेळायचा संच १९७७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. त्याची रॅम होती १२८ बाइट. देवनागरीतलं मध्यम लांबीचं एक वाक्य आजच्या पद्धतीने साठवायचं म्हटलं, तरी ते तेवढ्यात मावणार नाही. या संचावरच्या 'अ‍ॅडव्हेंचर' नावाच्या खेळात नायक म्हणजे एक साधा चौकोन आणि त्याच्या मागे लागणारे ड्रॅगन थेट बदकांसारखे. खोक्यावर मात्र हाताने रंगवलेली अख्खी परीकथा.

मग विकत घेणाऱ्याला फसवलं का? मला तसं वाटत नाही. अटारीच्या सुरुवातीच्या खोक्यांना वळण लावलं ते क्लिफ स्पॉन या चित्रकाराने: एकाच चित्रात तीन-चार प्रसंग एकमेकांत मिसळलेले, सगळ्याला वेग. यंत्राला जे दाखवता येत नव्हतं ते या चित्रांनी खेळणाऱ्याला उसनं दिलं. समोर पडद्यावर चौकोन, डोक्यात ते चित्र, आणि खेळ या दोहोंच्या मधे कुठेतरी घडायचा. खोका हा खेळाचाच एक भाग होता, आणि तो काढून टाकला तर मागे राहिलं असतं ते फक्त चौकोनाचं इकडून तिकडे सरकणं.

याच्या उलट 'मेगा मॅन'. हा १९८७ चा जपानी खेळ. त्यातला नायक म्हणजे निळ्या चिलखतातला एक यंत्रमुलगा, आणि त्याचा हात हीच त्याची तोफ. अमेरिकेतल्या खोक्यावर मात्र अवघडून उभा असलेला एक प्रौढ गृहस्थ आला, हातात पिस्तूल घेऊन. खेळाच्या इतिहासातलं सगळ्यात वाईट मुखपृष्ठ म्हणून लोक अजून त्याची चेष्टा करतात. पण ते वाईट काढलंय एवढीच अडचण असती तर ते विसरलं गेलं असतं. 'अ‍ॅडव्हेंचर'च्या खोक्याने चौकोनाला माणूस केला. इथे एका माणसाच्या जागी दुसराच आणून उभा केला. पहिलं चित्र खेळात भर घालतं, दुसरं त्याला खोडून काढतं. चित्र कितपत खरं, हे विचारण्याआधी मी हा फरक बघतो.

चित्र खोटं बोलू शकतं का, हा तसा जुना वाद. चित्र काही विधान करत नाही, मग ते खोटं कसं ठरणार? आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या खेळांच्या ज्या 'कॅसेट' मिळायच्या, फुंकर मारून लावायच्या, त्यांच्यावर '९९९९ इन वन' असं छापलेलं असायचं. आत तेच मोजके खेळ नावं बदलून पुन्हापुन्हा. हे निखालस खोटं, कारण आकडा हे विधान आहे आणि ते तपासता येतं. त्याच कॅसेटवर छापलेल्या चित्राबद्दल असं म्हणता येत नाही. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांची देखणी बाई बघून, आत तिची गोष्ट नाही म्हणून कुणी अंक परत केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. बाई म्हणजे दिवाळी, एवढा करार वाचकाला ठाऊक होता.

संगणकावरच्या खेळांचं मोठं ऑनलाइन दुकान 'स्टीम' याच भेदावर चालतं, असं त्याचे नियम वाचताना मला वाटलं. सप्टेंबर २०२२ पासून तिथल्या मुखचित्रावर खेळाचं नाव आणि उपशीर्षक सोडून मजकूर चालत नाही. समीक्षकांनी दिलेले गुण नाहीत, पुरस्कारांची नावं नाहीत, सवलतीची जाहिरात नाही. खालच्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र प्रत्यक्ष खेळच दिसला पाहिजे. म्हणजे साक्ष द्यायची ती स्क्रीनशॉटने. मुखचित्राने नुसती हाक मारायची. त्यातूनही कुणी फसलाच, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत. व्यवहारात कुणाचं काही जात नाही. मग नैतिक प्रश्न उरतो तो कसला?

उरतो, आणि तो मला एका तरुणामुळे नीट दिसला. बंगळुरूत आमच्याच इमारतीत राहणारा हा बेळगावकडचा मुलगा तीन वर्षं एकट्याने एक खेळ करत होता. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, म्हणून त्याने दोन चित्रं माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "काका, यातलं खरं कुठलं?" 'चांगलं कुठलं' असं त्याने विचारलं नाही, हे मला आवडलं.

खेळ एका नावाड्याचा आहे. रात्रभर उतारूंना पैलतीरी न्यायचं. शत्रू नाही, मारामारी नाही. बराच वेळ नुसतं थांबायचं आणि उतारू जे बोलेल ते ऐकायचं. सगळं जाड पिक्सेलमध्ये, नावाडी जेमतेम १६ ठिपके उंच. पहिलं मुखचित्र एका व्यावसायिक चित्रकार बाईंनी रंगवलेलं: काळं पाणी, वीज, होडी लाटेवर उभी, आणि नावाड्याने वल्हं तलवारीसारखं धरलेलं. दुसरं त्याने स्वतः केलेलं, खेळातलेच ठिपके मोठे करून.

सहज उत्तर असं की दुसरं प्रामाणिक. मीही ते पाच मिनिटं मानलं. पण जवळून बघितलं तर नावाड्याचे ठिपके मोठे, शीर्षकाचे लहान, पाण्याचे त्याहून बारीक. असं दृश्य खेळात कुठेच येत नाही. मुखचित्र कितीतरी आकारांत द्यावं लागतं; यादीत दिसणारी पट्टी अनेक वर्षं २३१ बाय ८७ ठिपक्यांची होती. पिक्सेलचं चित्र दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींतच नीट वाढतं. मधल्या मापात ते फिसकटतं. (शीर्षक देवनागरीत हवं तर हाल आणखी. वर वेलांटी, खाली उकार, मधे शिरोरेघ. ८७ ठिपक्यांच्या उंचीत रोमन अक्षरं ऐसपैस बसतात आणि आपली अंग चोरून.) म्हणजे 'खरं' चित्रही मुद्दाम रचलेलंच होतं.

शिवाय या ठिपक्यांनी दिलेलं वचन वेगळंच होतं. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर पिक्सेलच्या कडा अशा धारदार दिसत नसत. ते एकमेकांत पसरायचे, आणि कित्येक चित्रकार तो पसरटपणा धरूनच काढायचे. आज 'रेट्रो' म्हणून विकला जाणारा कातीव चौकोन हा बालपणी कुणी फारसा न पाहिलेला चौकोन आहे. १९८१ च्या 'डाँकी काँग'मधल्या मारिओला टोपी मिळाली कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत केस काढता येईनात, आणि मिशी मिळाली कारण तोंड काढता येईना. तिथे ती गरज होती. या मुलाने ठिपके निवडलेत. आणि मुखचित्रावर ते ठेवून तो ग्राहकाला जे सांगतो ते 'माझा खेळ असा आहे' एवढंच नसतं; 'तुझं लहानपण इथे आहे' असंही तो सुचवतो. युधिष्ठिराने अश्वत्थाम्याबद्दल जे सांगितलं त्यातलाही शब्द न् शब्द खरा होता.

रंगीत चित्राबद्दल त्याला वेगळी टोचणी होती. ते लावलं म्हणजे आपल्याच ठिपक्यांची लाज वाटते असं होतं, असं तो म्हणाला. हे मला खरं वाटतं, पण थोडंच. अटारीच्या काळी रंगीत चित्र उणीव भरून काढायचं. आज उणीव नसताना ते लावलं की माफी मागितल्यासारखं दिसू शकतं. तरी खेळातल्या रात्रीचा ओलावा त्या बाईंच्या रंगांत होता, त्याच्या मोठ्या केलेल्या ठिपक्यांत नव्हता. माझा आक्षेप रंगांना नव्हताच, वादळाला होता. खेळात वादळ येत नाही. ते चित्र नावाड्याला लढवय्या करत होतं, म्हणजे 'मेगा मॅन'चंच पाप, फक्त देखण्या हाताने केलेलं. मी म्हटलं, रंग ठेव, वादळ काढ.

"वादळ काढलं तर थांबणार कोण, काका?"

याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं, आणि तीन वर्षांची बचत घातलेल्या माणसाला तत्त्वाचं उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. वादळ बघून येणारे अर्ध्या तासात कंटाळून पैसे परत मागतील आणि जाताना वाईट अभिप्राय लिहितील, हा व्यवहाराचा भाग त्याला माझ्याहून जास्त कळत होता. पण त्या शंभरांत पाच जण असेही असतील, जे वादळासाठी येतील आणि थांबण्याच्या प्रेमात पडतील. त्यांना आणायचं तर बाकीच्यांना थोडं फसवावं लागतं. प्रत्येक पुस्तकाचं मुखपृष्ठ करताना मी हा हिशेब करतो. फसलेल्याचे पैसे परत मिळतात. पण दुकानाच्या भिंतीपुढून जाताना त्याने ज्याच्यावर भरवसा टाकला, तो भरवसा परत करायची सोय कुठल्याच दुकानात नाही. आणि तो खर्च एकट्या या मुलाचा होत नाही. पुढचा माणूस खरीच शांत नदी दाखवेल तेव्हा ती बघणाराही आधीच सावध झालेला असेल. मी त्याला एवढंच सांगितलं, की वादळ न काढता थांबवता येतं का ते आधी बघ. नाहीच जमलं तर वादळ आहेच.

बाईंनी नव्या चित्राचे वेगळे पैसे मागितले, ते रास्तच होते; त्याने आठवडाभर कुरकुरून दिले. आता चित्रात होडी काठाशी आहे, वल्हं आडवं ठेवलेलं, नावाडी पाठमोरा, आणि पायरीवर एक उतारू. पूर्ण आकारात ते सुरेख दिसतं. पट्टीच्या आकारात उतारू आणि पायरी दोन्ही नाहीशी होतात, उरतो तो कंदील आणि होडीचं टोक. होडी आत्ताच टेकलीय की निघालीय, हे त्यावरून कळत नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, खेळातही ते बराच वेळ कळत नाही.