निमित्त, प्रतिबंध आणि उत्प्रेरक

कार्य घडवून आणणारे कारण त्या कार्यात स्वतः बदलते की अविकारी राहते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे, आणि विद्युतरसायनशास्त्रातील एका प्रयोगाकडे बारकाईने पाहिले तर त्या वादात सहसा एकत्र धरल्या जाणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणे, म्हणजेच त्याचे क्षपण करणे, ऊर्जेच्या दृष्टीने अनुकूल असले तरी साध्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ते फार सावकाश घडते. त्या पृष्ठभागावर अँथ्राक्विनोन या संयुगाचे रेणू बसवले (मंजिष्ठेच्या मुळातील रंगद्रव्येही याच कुळातील आहेत) की क्रियेला नवी वाट मिळते: क्विनोन इलेक्ट्रोडकडून दोन इलेक्ट्रॉन आणि द्रावणातून दोन प्रोटॉन घेऊन हायड्रोक्विनोन बनतो, ते ऑक्सिजनला देऊन टाकतो, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि क्विनोन पूर्वरूपात येतो. ऑक्सफर्ड येथे रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने अशा इलेक्ट्रोडांचा अभ्यास श्राव्यातीत ध्वनीच्या, म्हणजे सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने असलेल्या ध्वनीच्या, सान्निध्यात केला. हवेच्या संपर्कातील पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅमच ऑक्सिजन असतो. त्यामुळे इलेक्ट्रोडलगतच्या थरातील ऑक्सिजन लवकर संपतो आणि क्रिया अडते. ध्वनीमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात, तो थर अतिशय पातळ होतो, आणि पृष्ठभागावर साचलेला मळही निघून जातो.

ध्वनीचे हे काम मुख्यतः अडथळा दूर करण्याचे आहे, आणि त्याचे अचूक वर्णन पतंजलीच्या योगसूत्रांतील कैवल्यपादात आढळते. तेथे म्हटले आहे की निमित्त प्रकृतीला प्रवृत्त करत नाही, ते केवळ आवरण फोडते. आणि दाखला शेतकऱ्याचा दिला आहे. हिंगोली जिल्ह्यातील वसमत भागात आजही तेच दिसते: हळदीच्या सऱ्यांना कालव्याचे पाणी देताना दारे धरणारा शेतकरी पाणी हाताने ढकलत नाही, मातीचा बांध खोऱ्याने मोडतो आणि पाणी आपल्या उताराने जाते. अडथळ्याचा अभाव हे कारण ठरते का, या प्रश्नावर नैयायिक आणि मीमांसक यांच्यात दीर्घ वाद झाला. विशिष्ट मणी जवळ असताना अग्नी जाळत नाही, हे उदाहरण घेऊन मीमांसकांनी अग्नीत दाहशक्ती नावाचा स्वतंत्र पदार्थ मानला, जो मण्यामुळे नष्ट होतो. नैयायिकांनी, आणि विशेषतः उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त, शक्ती नाकारून प्रतिबंधकाचा अभाव हेही एक कारण मानले. प्रस्तुत प्रयोगात ध्वनी हा अभाव घडवणारा आहे, इतकेच नैयायिकांना पुरे झाले असते.

क्विनोनला मात्र या चौकटीत बसवता येत नाही. उत्प्रेरक स्वतः न बदलता क्रिया घडवतो, अशी शालेय व्याख्या प्रचलित आहे, आणि तिच्या आधारे त्याची तुलना सांख्यांच्या पुरुषाशी, म्हणजे अविकारी चैतन्याशी, करण्याचा मोह होतो, कारण लोहचुंबक केवळ सान्निध्याने लोखंडाला हलवतो तसा पुरुष प्रकृतीला प्रवृत्त करतो, असे सांख्य सांगतात. ही तुलना मुळातच चुकीची आहे. क्विनोन सान्निध्यापुरता उभा नाही. प्रत्येक फेरीत तो प्रत्यक्ष विकार पावतो, आणि त्याचा विकार थांबला तर कार्यही थांबते. अखेरीस जे पूर्ववत दिसते ते अविकारीपण नव्हे, पुनःस्थापना आहे. शिवाय पृष्ठभागावर नुसते चिकटवलेले रेणू त्याच ध्वनीच्या तडाख्याने सुटू शकतात, म्हणून ते रासायनिक बंधाने जोडावे लागतात. झिजू शकणाऱ्या कारणाला कूटस्थ, म्हणजे अविकारी, म्हणणे कोणत्याही दर्शनाला मान्य होणार नाही.

अडथळा हटवणारे कारण आणि स्वतः बदलणारे कारण, हाच भेद हिंगोली जिल्ह्यातील संतपरंपरेतही दिसतो. परंपरेनुसार नरसी येथे १२७० मध्ये जन्मलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथाला आले, तेव्हा पुढे त्यांचे गुरू झालेले विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले होते. ते पाय जेथे जेथे हलवले तेथे तेथे पिंडी दिसली. नामदेवांना देव नव्याने मिळाला नाही. तो एकाच ठिकाणी आहे ही समजूत तेवढी हटली, आणि इथवर विसोबांचे काम पतंजलीच्या शेतकऱ्याचेच आहे. परंतु तीच परंपरा सांगते की विसोबांनी आधी ज्ञानदेव आणि त्यांच्या भावंडांचा छळ केला होता, आणि त्या भावंडांमुळे मन पालटल्यावरच विसोबा देणारे झाले. म्हणजे शिष्याला देण्याजोगे जे होते ते गुरूने आधी दुसऱ्याकडून घेतलेले, स्वतःत बदल घडवून घेतलेले होते, आणि गुरूला निमित्तमात्र म्हणणारी भाषा येथे अपुरी पडते. साम्य येथेच संपते: क्विनोन दर फेरीला मूळ रूपात परततो, विसोबा मात्र पुन्हा पूर्वीचे झाले नाहीत.