एक थेंब साबण

माणसाला एखादा छंद असावा, असे सगळेच म्हणतात. तो कुठला असावा, हे मात्र बायकोला विचारून ठरवावे अशी त्यांची अपेक्षा असते. पोस्टाची तिकिटे जमवावीत, जुनी नाणी जमवावीत, फार तर पेटी वाजवावी. पण सेहेचाळीस वर्षांचा, बी. कॉम. झालेला, बँकेत काउंटरवर बसणारा गृहस्थ रविवारी सकाळी पालथा पडून, गाल फरशीला टेकवून आणि एक डोळा मिटून दिवाणाखालून येणाऱ्या वीतभर आगगाडीकडे बघत राहतो, हे काही कुणाच्या व्याख्येत बसत नाही. "लहान मुलांची खेळणी ती!" असे आमची ही पहिल्यांदा म्हणाली. मग तिने इंजिनाची किंमत विचारली. मी सांगितली. त्यानंतर 'लहान मुलांची' हे शब्द तिने पुन्हा कधी उच्चारले नाहीत.

रोग जुना आहे. कोथरूडला १९९८ साली भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. तेव्हा मी कॉमर्सला होतो. मित्रांबरोबर बघायला गेलो, मित्र परत आले, मी मनाने तिथेच राहिलो. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, कर्जाचे हप्ते सुरू झाले आणि ते निम्मे फिटल्यावर आठ बाय चारचे एक प्लायवूड घरात आले.

आमच्यात बहुतेकांच्या गाड्या 'एच. ओ.' मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या. पुणे-मुंबई अंतर १९२ किलोमीटर. भागिले ८७, म्हणजे सुमारे २ किलोमीटर २०० मीटर. माझा फ्लॅट वन बी. एच. के. आहे. त्यामुळे माझ्या घाटात कर्जतहून सुटलेली गाडी अकरा सेकंदांत लोणावळ्याला पोचते आणि मध्ये खंडाळा लागत नाही, कारण तिथे दिवाणाचा पाय येतो. खोटेपणा इथेच संपत नाही. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की सव्वाएकोणीस येतात. बाजारात मिळणारे एच. ओ. चे रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून काढलेले. म्हणजे आमच्या प्रत्येकाच्या घरी पावणेतीन मिलिमीटरची अफरातफर आहे. बँकेत झाली असती तर एव्हाना चौकशी लागली असती.

अशी अफरातफर करणारे आम्ही पाच-सहाजण दर रविवारी जमतो. जमतो ते गार्डसाहेबांकडे. त्यांनी जन्मभर खऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यातून हिरवे निशाण दाखवले आणि आता ते खोट्या गाडीला दाखवतात. २०२२ साली रेल्वेने 'गार्ड' हे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले, पण साहेब त्याआधीच रिटायर झाले होते, म्हणून वाचले. दुसरे एक दातांचे डॉक्टर. झिजलेली दंतशस्त्रे ते आम्हांला आणून देतात. सांध्यात अडकलेला खडा काढायला त्यासारखे हत्यार नाही. फक्त ते कुणाच्या तोंडातून आले हे विचारायचे नाही. तिसरे इन्कमटॅक्समधले. हे रिव्हेट मोजतात. तुम्ही महिनाभर खपून इंजिन रंगवावे आणि त्यांनी भिंग लावून म्हणावे, "छान झालंय. पण या मॉडेलला डाव्या बाजूला एक शिडी कमी असते." अशी व्यक्ती जगातल्या प्रत्येक रेल्वेवेड्या टोळीत एक असतेच. ती नसेल तर टोळी बिघडते आणि दोन असतील तर मोडते.

या मंडळींत एक न लिहिलेला कायदा आहे. ज्याला जे कळले ते त्याने विचारणाऱ्याला सांगायचे. फुकट. दातांचे डॉक्टर दाताला हात लावायचे पैसे घेतात, पण रुळाच्या जोडाला डाग कसा द्यावा हे दोन तास बसून शिकवतात. रूळ काळे पडले तर सँडपेपर लावू नका, चरे पडतात आणि त्या चऱ्यांत आणखी काळे बसते. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. चहाचा चोथा खडखडीत वाळवून चाळला की सह्याद्रीची माती होते. (हा चोथा आमच्या गच्चीवर पापडांच्या शेजारी वाळत होता, त्याविषयी पुन्हा केव्हातरी.) दोडक्याच्या जाळीची झुडपे होतात. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हा डोंगर रद्दी आणि खळीचे करावेत. माझ्या खंडाळ्याच्या, म्हणजे दिवाणाच्या पायाजवळच्या, कड्यात पंधरा दिवसांचे अग्रलेख आहेत, आणि ते पहिल्यांदाच काहीतरी पेलून धरत आहेत.

"तुला पावणेतीन मिलिमीटर टोचतात ना?" गार्डसाहेब मला एकदा म्हणाले, "मग बार्शी लाईट कर. सातशे बासष्टचं गेज. भाग सत्त्याऐंशीनं."

मी मोबाइल काढला. पावणेनऊ आले.

"आणि 'एन' मापाचे रूळ किती मिलिमीटरचे मिळतात? नऊ! तिथं जवळजवळ खरं बोलता येतं बघ."

आता तुम्ही म्हणाल, यात नैतिक प्रश्न कुठे आला? येतो, सांगतो. आमच्या धंद्यात प्रत्येक डेबिटला क्रेडिट लागते. चोपड्या गेल्या, कॉम्प्युटर आले, पण धर्म तोच राहिला. मग मी हे जे वर्षानुवर्षे फुकट घेत आलो त्याची नोंद कुठल्या खात्यावर? डॉक्टरांना मी परत काय दिले? एकदा फिक्स्ड डिपॉझिटचा फॉर्म भरून दिला, बस. गार्डसाहेबांना काय दिले? शंका दिल्या. या हिशेबाची बाकी निघते, ती कुणाला द्यायची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पाडला अकरावीतल्या एका मुलाने.

आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाने एका वर्षी देखाव्यासाठी 'बोरघाटातील आगगाडी' ठरवली आणि कारागीर म्हणून माझी नेमणूक केली. त्याच वर्षी पलीकडच्या गल्लीलाही रेल्वेच सुचली. तिकडचा कारागीर हा मुलगा. रविवारी तो गार्डसाहेबांकडे यायचा, कोपऱ्यात बसायचा आणि वहीत सगळे उतरवून घ्यायचा. हुशार आणि नम्र. स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यात हे दोन्ही गुण एकदम असू नयेत.

गणपतीच्या आधी दहा-बारा दिवस तो मला रस्त्यात भेटला. म्हणाला, "काका, रुळांमधली खडी नीट बसत नाहीये. फेव्हिकॉल अर्धा, पाणी अर्धं करून ड्रॉपरनं सोडतो, पण थेंब वरच गोळा होतो आणि खडी घेऊन घरंगळतो. माझं काय चुकतंय?"

त्याचे काय चुकत होते ते मला ठाऊक होते. त्या मिश्रणात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, मग थेंब गोळा होत नाही, खडीत अलगद झिरपतो. आधी नुसत्या पाण्याचा फवारा मारला तर आणखी चांगले. ही युक्ती मला गार्डसाहेबांनी पहिल्याच महिन्यात सांगितली होती. सांगायला पाच सेकंद लागतात.

मी म्हणालो, "हात बसावा लागतो रे. सवयीनं जमतं."

आणि भाजी घेऊन घरी आलो.

परीक्षकांच्या दिवशी त्याची गाडी सांध्यावर अडकली. घरंगळलेला फेव्हिकॉल सांध्याच्या पात्यात जाऊन घट्ट बसला होता. माझी गाडी पळाली. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पहिले बक्षीस तिसऱ्याच गल्लीतल्या सोंड हलवणाऱ्या हत्तीला गेले. म्हणजे पाप करूनही हाती लागले ते उत्तेजनार्थ.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी माझी गाडी बंद पडली. दहा दिवसांचा धूप आणि कापूर रुळांवर बसला होता. समोर ही गर्दी. मी फडके मारतोय, घाम पुसतोय, इंजिन दोन इंच सरकून थांबतेय. एवढ्यात गर्दीतून तो मुलगा पुढे आला. खिशातून मऊ शिशाची पेन्सिल काढली आणि पुसलेल्या रुळांच्या माथ्यावरून हलकेच फिरवली. "काका, आता सोडा." गाडी निघाली. शिशातून वीज वाहते, हे मी शाळेत शिकलो होतो, पण रुळावर पेन्सिल फिरवायची हे मला कुणी सांगितले नव्हते. "थोडंच फिरवायचं हं, जास्त झालं तर चढावर चाकं घसरतात," तो म्हणाला. "ठेवा तुम्हांलाच पेन्सिल."

मला राहवले नाही. विचारले, "तुझ्या खडीचं काय झालं?"

"गार्डआजोबांनी सांगितलं नंतर, साबणाचं. तुम्ही विसरला असाल तेव्हा."

आता खरी गंमत पुढेच आहे. तिथे मी म्हणायला हवे होते की नाही बाबा, विसरलो नव्हतो. मी म्हणालो, "हो रे, विसरलोच बघ."

रात्री झोप लागेना. मी माझ्या बाजूने मुद्दे काढू लागलो. पहिला मुद्दा : सगळे सांगून टाकले तर मुलांनी स्वतः शोधायचे काय? दुसरा मुद्दा : खुद्द गार्डसाहेबही कधी कधी सांगत नाहीत. माझी गाडी एका वळणावर रोज घसरायची, तेव्हा त्यांनी उत्तर दिले नव्हते. "कुठला डबा आधी उतरतो ते बघ," एवढेच म्हणाले होते. दोन तासांनी माझे मलाच सापडले, रुळांचा जोड वळणावर उंचावला होता. मग त्यांनी केले ते शिक्षण आणि मी केले ती लबाडी, असे का?

पहाटे कधीतरी फरक लक्षात आला. ते दोन तास सत्तरी ओलांडलेले गार्डसाहेब माझ्या शेजारी फरशीवर बसून होते. ते गप्प राहिले आणि बसले. मी गप्प राहिलो आणि भाजी घेऊन घरी गेलो.

पैसा दिला की देणाऱ्याचा कमी होतो, म्हणून पावती लागते. युक्ती दिल्याने माझ्याकडची युक्ती कमी होणार नव्हती, हे बी. कॉम. च्या माणसालाही कळते. मग मी हात आखडला तो कशासाठी? कमी होणार होती ती माझी उंची. त्या मुलापेक्षा मी एका साबणाच्या थेंबाने मोठा होतो, आणि तो थेंब मला सोडवेना.

अमेरिकेत एम. आय. टी. मध्ये विद्यार्थ्यांचा एक मॉडेल रेल्वेचा क्लब आहे, १९४६ साली निघालेला. प्लायवूडखालच्या तारांत गुंतलेली ती मुले पुढे कॉम्प्युटरच्या नादी लागली, आणि 'हॅकर' हा शब्द त्यांच्यातूनच वर आला. आमच्या बँकेत हॅकर म्हटले की सर्क्युलर निघते. त्या मुलांत मात्र तो मानाचा शब्द होता. कागदी फितीवरचे प्रोग्रॅम ती खणात ठेवून देत. कुणीही घ्यावा, सुधारावा, परत ठेवावा.

आणि कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचे जॉन ॲलन. त्यांनी तळघरात वर्षानुवर्षे खपून एक डोंगराळ रेल्वे उभारली होती. तिच्यात डबे ओढायला इंजिनाऐवजी एक डायनोसॉरही होता, तेव्हा आमच्या रिव्हेटवाल्यांना तिथे प्रवेश नाही. १९७३ च्या जानेवारीत ॲलन वारले आणि थोड्याच दिवसांत आग लागून ती रेल्वे बहुतेक सगळी जळाली. उरले ते त्यांनी लेखांतून, फोटोंतून लोकांना सांगून टाकलेले. ते आज दुसऱ्यांच्या घरात चालते आहे. न सांगितलेले असेल ते आगीत गेले. माझा साबणाचा थेंब मी जपून ठेवला असता, तर दिवाणाबरोबर भंगारातच गेला असता.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांदेखत सांगितले. विसरलो नव्हतो, मुद्दाम सांगितले नाही. मुलगा खाली बघत राहिला. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. रिव्हेटवाल्यांनी जन्मात पहिल्यांदा काही मोजले नाही. गार्डसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "बरं. मग आजवर किती जणांना सांगितलंस?"

माफी नाही, उपदेश नाही, नुसता आकडा विचारला. तेव्हापासून मी आकडा वाढवतो आहे. लग्नात सांगतो, लोकलमध्ये सांगतो. परवा काउंटरवर एका पेन्शनर गृहस्थांनी नातवाला खेळण्यातली गाडी आणल्याचे सहज सांगितले, तर मी त्यांना स्लिपच्या मागे लिहूनच दिले : फेव्हिकॉल अर्धा, पाणी अर्धे, साबण एक थेंब. ते बराच वेळ ती स्लिप बघत होते. मग म्हणाले, "साहेब, पासबुकात एंट्री तेवढी मारता का?"

एवढे करूनही हिशेब जुळत नाही. ज्यांच्याकडून घेतले त्यांना दिले नाही, ज्याला द्यायचे होते त्याला वेळेवर दिले नाही, आणि आता देतो आहे ते भलत्यालाच. मी हे हिच्याजवळ बोललो. तिने थोडा विचार केला.

"नाही जुळत तेच बरं," ती म्हणाली. "जुळलं की तुम्ही खातं बंद कराल. आणि भांड्यांचं लिक्विड कुठं नेऊन ठेवलंयत ते आधी सांगा. सकाळपासून शोधतेय."