बीएस्सीच्या पहिल्या वर्षातल्या भाचीस

चि. पोरी,


तू बाभुळगावात राहूनच बीएस्सी करतेस आणि पुन्हा नीटला बसणार आहेस, हे माझ्या दादाने सांगितलं. ‘पोरीचं वर्ष वाया गेलं,’ असंही म्हणाला. ते मला अजिबात पटलेलं नाही. का, ते सांगते.

२०१७ साली मी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. त्या वर्षी पराटी पुरुषभर वाढली होती. फवारणीचं औषध मजुरांच्या थेट नाकातोंडात गेलं आणि जिल्ह्यातले वीसहून जास्त शेतकरी, शेतमजूर दगावले. अशा विषबाधेत माणूस घामाने डबडबतो, लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं आणि शेवटी श्वासाचे स्नायूच हार मानतात. छातीतली घरघर थांबेपर्यंत ॲट्रोपिन द्यायचं, पुन्हा पुन्हा छाती तपासत. एन्झाइम रोखणाऱ्या द्रव्यांवरचा तो छोटासा भाग तू अकरावीत पाठ केलास. आता बीएस्सीच्या तासाला तो समजून घे, प्राध्यापकांना विचारून भंडावून सोड. आणि दादा हातमोजे, मास्क न घालता फवारायला निघाला तर त्याला अडव. हे काम डॉक्टर होईपर्यंत थांबणारं नाही.

सिकलसेलचंही तसंच आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढं लिहिलं की परीक्षेत गुण मिळतात. आपल्या जिल्ह्यातल्या कोलाम, गोंड घरांत मात्र त्या एका बदलापायी मुलं हाडांच्या वेदनांनी रात्र रात्र रडतात. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी रक्त तपासा, हे साध्या बोलीत सांगणारी माणसं आपल्याला हवी आहेत.

आता परीक्षेचं. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण, निम्मे जीवशास्त्राचे. चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात. वयाची वरची अट नाही, किती वेळा बसावं यालाही बंधन नाही, तेव्हा घाबरून पुस्तकांचे ढीग आणू नकोस. एनसीईआरटीची पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका भरपूर झाल्या. तुझ्या गटात फिजिक्स नाही, हीच खरी अडचण आहे. आपल्याकडची हुशार मुलं तिथेच मागे पडतात. पहाटेचा वेळ फिजिक्सच्या गणितांना दे. उत्तर न बघता, कागदावर, शेवटपर्यंत.

क्लाससाठी दादाला वावर गहाण ठेवू देऊ नकोस. शिकायला लांब जायचीही गरज नाही. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. शेजारी वर्ध्यात सेवाग्रामचं आहे, सुशीला नायरांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं. तिथली मुलं पहिल्या वर्षापासूनच खेड्यात जाऊन घरं दत्तक घेतात. ते महाविद्यालय तुझ्यासाठी मला फार आवडेल. आणि गुण कमी पडलेच, तरी बीएस्सीनंतर सूक्ष्मजीवशास्त्र, प्रयोगशाळा, सार्वजनिक आरोग्य आहेच. चांगल्या तंत्रज्ञावाचून वॉर्ड किती अडतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

एक काम मात्र याच महिन्यात उरक. जातवैधतेचा अर्ज दे आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत तपास. प्रवेशफेरीच्या वेळी कागद नाही म्हणून जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत. तहसीलला एकटी जाऊ नकोस, वहिनीला सोबत घे. सगळी मूळ कागदपत्रं तिच्याच पेटीत आहेत.

तुझी,
आत्या