खड्ग, शून्यता आणि कर्माचा प्रश्न

बौद्ध धर्माच्या पंचशीलांतील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, आणि तरीही जपानमध्ये याच धर्माच्या झेन या पंथाने तलवार चालवणाऱ्या योद्ध्याला त्याच्या विद्येचे तत्त्वज्ञान पुरवले. या विसंगतीचा उलगडा सामान्यतः दोन प्रकारे केला जातो. खरी युद्धकला ही मुळात आत्मसाधनाच असून शस्त्र केवळ निमित्त आहे, असे काही अभ्यासक मानतात; तर राजाश्रयासाठी भिक्षूंनी शीलाशी केलेली ती तडजोड होती, असे इतरांचे म्हणणे असते. दोन्ही उत्तरे मूळ प्रश्नाला वळसा घालतात. बुद्धाच्या उपदेशात कर्म म्हणजे चेतना, अर्थात कृतीमागील संकल्प, असे मानले आहे. मग ज्या मनात 'मी' आणि 'माझा शत्रू' हा भेदच उरलेला नाही, अशा मनाकडून घाव घातला गेला, तर त्या हिंसेचे कर्म कोणाच्या खाती जमा होते, हा तो मूळ प्रश्न आहे.

जपानी शस्त्रविद्येचा धर्माशी असलेला संबंध झेनपासून सुरू झाला, हा समज येथे प्रथम बाजूला ठेवला पाहिजे. पंधराव्या शतकात ईइझासा चोइसाई इएनाओ याने स्थापन केलेली आणि आजही चालू असलेली तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-ऱ्यू ही परंपरा ('ऱ्यू' म्हणजे गुरुशिष्यक्रमाने चालणारे घराणे) कातोरी येथील शिंतो देवस्थानाशी निगडित आहे. योद्धे मारीशितेनची, म्हणजे भारतीय बौद्ध परंपरेतील मारीची देवीची, उपासना करीत. आणि उजव्या हाती खड्ग धरलेला फुदो म्योओ हा जपानी योद्ध्यांचा आवडता देव मूळचा तांत्रिक बौद्ध धर्मातील अचल होय. या उपासनांत देवाकडे रक्षण आणि विजय मागितला जाई, हिंसेचे तात्त्विक समर्थन मागितले जात नसे. ती गरज भासू लागली ती शांततेच्या काळात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडून तोकुगावा घराण्याची सत्ता निर्वेध झाल्यावर समुराईच्या कमरेची तलवार राहिली, पण तिला काम उरले नाही. आणि ज्या विद्येचा प्रत्यक्ष उपयोग संपत चालला होता, तिला उपयोगापलीकडचा अर्थ देण्याची निकड निर्माण झाली.

या अर्थाची सर्वांत सखोल मांडणी ताकुआन सोहो (१५७३–१६४५) या रिंझाई शाखेच्या झेन भिक्षूने शोगुनचा खड्गगुरू याग्यू मुनेनोरी (१५७१–१६४६) याला लिहिलेल्या 'फुदोची शिन्म्योरोकु' या पत्ररूप ग्रंथात आढळते. ताकुआनचा मुख्य विचार असा की मन एखाद्या ठिकाणी थांबणे हीच अविद्या होय. प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीकडे मन गेले की ते तेथे अडकते, स्वतःच्या तलवारीकडे गेले की तेथे अडकते, आणि त्या क्षणभराच्या अडकण्यातच मनुष्य मारला जातो. सहस्रभुज अवलोकितेश्वराचे मन एका हातावर थांबले, तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निरुपयोगी ठरतील. म्हणून अचलाचे अचलत्व म्हणजे दगडासारखी निश्चलता नव्हे, तर कोठेही न थांबता सर्वत्र वाहणारे मन होय. हे वर्णन अवधानाच्या शास्त्राचे आहे आणि त्या अंगाने ते अचूक आहे. ज्याने कोणतीही कौशल्याची विद्या वर्षानुवर्षे अभ्यासली असेल, त्याला ते पटण्यास अडचण येणार नाही.

अडचण येते ती पुढच्या पावलावर. ताकुआन याच संदर्भात मुगाकु सोगेन या चिनी भिक्षूची कथा सांगतो. चीनमध्ये मंगोल सैनिकांनी त्याच्यावर तलवार उगारली असता त्याने एक गाथा म्हटली. तिचा आशय असा की सर्वच शून्य असल्यामुळे हा घाव म्हणजे विजेच्या लखलखाटाने वसंतातला वारा कापण्यासारखे आहे. सैनिक त्याला न मारता निघून गेले, असे परंपरा सांगते. पुढे १२७९ साली तो जपानला आला आणि कामाकुरा येथील एंगाकुजी या मठाचा संस्थापक झाला. ताकुआनने या गाथेचा अर्थ विस्तारून असा लावला की मारणारा शून्य, मारला जाणारा शून्य आणि तलवारही शून्य. तर्कदृष्ट्या हा विस्तार महायानाच्या शून्यतावादात बसतो. परंतु मूळ प्रसंगात हे शब्द निःशस्त्र माणसाने, स्वतःच्या मानेवर तलवार असताना, उच्चारले होते. ज्याचा प्राण जाणार आहे त्याने 'येथे मरणारा कोणी नाही' असे म्हणणे हा वैराग्याचा कळस ठरतो. पण ज्याच्या हाती तलवार आहे त्याने तेच वाक्य म्हटले, तर त्याचा आशय पार बदलतो, कारण त्याने सोडलेला प्राण त्याचा स्वतःचा नसतो. शून्यतेचा सिद्धांत दोघांनाही सारखाच लागू आहे. तो उच्चारण्याचा अधिकार मात्र दोघांचा सारखा नाही.

चेतनेच्या प्रश्नाचे उत्तरही येथूनच शोधावे लागते. मुशिन, म्हणजे विकल्परहित मनाची अवस्था, घाव घालण्याच्या क्षणी संकल्प नाहीसा करते हे मान्य केले, तरी तलवार हाती घेण्याचा, विशिष्ट स्वामीची सेवा पत्करण्याचा आणि विशिष्ट माणसासमोर उभे राहण्याचा संकल्प त्या क्षणाच्या कितीतरी आधी झालेला असतो. कर्माचे बीज तेथे आहे. ताकुआनला हे अगदीच अज्ञात नसावे, असे मानण्यास त्याच्या पत्राचा शेवटचा भाग आधार देतो. तेथे तो अचानक तत्त्वज्ञान सोडून मुनेनोरीच्या वागणुकीकडे वळतो, त्याच्या मुलाच्या वर्तनाबद्दल आणि सरदारांपुढे नो नाट्यातील आपले नृत्यकौशल्य मिरवण्याच्या हौसेबद्दल त्याला बोल लावतो, आणि स्वामिनिष्ठेची आठवण देतो. मनाला कोठेही न थांबण्याचा उपदेश करणारा गुरू येथे शिष्याला बऱ्यावाइटाच्या निवडीवर मन स्थिर करायला सांगतो. खुद्द ताकुआननेही मठाधिपतींच्या नेमणुकांत शासनाने केलेल्या हस्तक्षेपाचा निषेध केला आणि १६२९ साली उत्तरेकडील कामिनोयामा येथे हद्दपारी भोगली. तो निषेध निर्विकल्प मनातून नव्हे, न्यायबुद्धीतून आला होता.

मुनेनोरीने स्वतःचे उत्तर वेगळ्या दिशेने दिले. १६३२ साली पूर्ण झालेल्या 'हेइहो कादेन्शो' या ग्रंथात तो शस्त्राला अशुभ साधन म्हणतो, जे लाओत्सेच्या परंपरेतले मत आहे, आणि निरुपायानेच त्याचा वापर क्षम्य ठरवतो. एका दुष्टाला मारून दहा हजारांना जगवणारे खड्ग ते 'जीवनदायी खड्ग', अशी त्याची भूमिका आहे. मारणारे आणि जगवणारे खड्ग ही जोडी मूळची चिनी चान पंथातील असून तेथे ती शिष्याचा भ्रम हिरावून घेण्याच्या आणि त्याला मोकळे करण्याच्या गुरूच्या पद्धतीला उद्देशून वापरली जाई. मुनेनोरीच्या हातात ती शासनव्यवहाराची भाषा झाली, आणि त्याच वर्षी त्याच्याकडे सरदारांवर देखरेख करणारे निरीक्षकपद आले हे पाहता तसे होणे स्वाभाविक होते. तथापि महायानातील 'उपायकौशल्य' सूत्रातल्या नाविकाशी तुलना केली, तर या भूमिकेतले न्यून उघड होते. तो नाविक पाचशे व्यापाऱ्यांना वाचवण्यासाठी एका दरोडेखोराला मारतो, पण त्याआधी त्या कृत्याचा नरकवास स्वतः भोगण्याची तयारी करतो. मुनेनोरीच्या हिशेबात दहा हजारांचा लाभ आहे; नरकाची किंमत मोजणारा मात्र कोणी नाही.

मराठी वाचकाला येथे गीतेच्या अठराव्या अध्यायातील, अहंकाररहित मनुष्य मारूनही मारत नाही, हे प्रतिपादन आठवेल. साम्य आहेच. परंतु महाभारतात त्या उपदेशापूर्वी संपूर्ण उद्योगपर्व येते, ज्यात तहाचे प्रयत्न संपतात आणि युद्धाच्या न्याय्यतेची चर्चा पुरती होते. ताकुआनच्या पत्राला असे उद्योगपर्व नाही.

ही उणीव विसाव्या शतकात महागात पडली. १८९५ साली क्योतो येथे स्थापन झालेल्या दाइ निप्पोन बुतोकुकाई या संस्थेने शस्त्रविद्यांना राष्ट्रीय संघटनेचे रूप दिले, १९३१ साली मुलांच्या माध्यमिक शाळांत ज्यूदो आणि केंदो सक्तीचे झाले, आणि 'मी नाही' या अनुभवाचे रूपांतर 'मी नाही, सम्राट आहे' या निष्ठेत करण्यात आले. १९३७ साली चीनमध्ये मारला गेलेला सुगिमोतो गोरो हा लष्करी अधिकारी झेनचा साधक होता आणि त्याच्या 'ताइगी' या पुस्तकात अहंकाराचा लोप आणि सम्राटासाठी देहत्याग ही एकच गोष्ट मानली आहे. त्याचा गुरू यामाझाकी एकिजु यानेही त्याचा गौरव केला. ब्रायन व्हिक्टोरिया यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा अनेक झेन आचार्यांच्या युद्धसमर्थनाचा पुरावा मांडला. हा झेनचा विपर्यास होता, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. रिकाम्या केलेल्या जागेत कोणाला बसवायचे हे जो विचार सांगत नाही, त्याच्या बाबतीत ती जागा बळकावली जाणे अपघात ठरत नाही.

१८८२ साली तोक्योच्या एइशोजी मंदिरात कोदोकानची स्थापना करणाऱ्या कानो जिगोरो (१८६०–१९३८) याला हा धोका काही अंशी उमगला असावा, कारण ज्यूदोच्या 'शक्तीचा सर्वोत्तम उपयोग' या तत्त्वाला त्याने 'परस्परांचे कल्याण' हे दुसरे तत्त्व जोडले. पहिले तत्त्व चोरालाही लागू पडते, दुसरे नाही. युद्धानंतर, १९४६ साली, बुतोकुकाई विसर्जित झाली, आणि १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल जपान केंदो महासंघाने १९७५ साली केंदोची संकल्पना ठरवताना खड्गाच्या तत्त्वांच्या अभ्यासाने चारित्र्य घडवणे हे ध्येय सांगून देश व समाज यांविषयी प्रेम आणि सर्व लोकांची शांतता व समृद्धी यांचा एकत्र उल्लेख केला. देशाची मागणी आणि सर्व लोकांची शांतता यांत विरोध उभा राहिला तर साधकाने काय निवडावे, याविषयी तो मसुदा मौन बाळगतो, आणि त्या बाबतीत तो ताकुआनच्या पत्राहून फारसा पुढे गेलेला नाही.