माफी कोणाच्या खात्यातून?

नाताळातली गुन्हेकथा वाचताना आपण जरा मवाळ होतो. बाहेर थंडी, आत शेकोटी, कुठेतरी प्रेमाचा धागा. चोर सापडला तरी त्याला शिक्षा व्हावी असं मनापासून वाटत नाही. शेरलॉक होम्सची 'द ॲडव्हेंचर ऑफ द ब्लू कार्बंकल' मला म्हणूनच आवडायची. आर्थर कॉनन डॉयलची ही गोष्ट जानेवारी १८९२मध्ये 'स्ट्रँड' मासिकात आली.

हॉटेलातून चोरलेलं निळं रत्न मेजवानीच्या हंसाच्या पोटात सापडतं. तो हंस हेन्री बेकर बायकोची समजूत काढायला घरी नेत असतो. त्याच्या टोपीवरची धूळ बघून होम्स ओळखतो, की या घरातलं प्रेम आटलंय. शेवटी खरा चोर, हॉटेलचा नोकर रायडर, होम्सच्या गुडघ्यांना मिठी मारून रडतो. होम्स म्हणतो, हे क्षमेचे दिवस आहेत, जा. आपल्यालाही बरं वाटतं.

पण हॉर्नरचं काय? त्या खोलीत डागकाम करायला आलेला हा प्लंबर. रायडरनेच त्याला अडकवलं. त्याला पूर्वी एकदा चोरीची शिक्षा झालेली, त्यामुळे पोलिसांचाही चटकन विश्वास बसला. त्याचा नाताळ कोठडीत गेला. रायडर साक्षीला येणार नाही, खटला आपोआप कोसळेल, हा होम्सचा हिशोब. हॉर्नर सुटेल, पण पुराव्याअभावी. 'चोर तू नव्हतास' असं त्याला कोणी सांगणार नाही.

होम्सचं म्हणणं खोटं नाही. तुरुंगात गेला असता तर रायडर कायमचा गुन्हेगार झाला असता. पण त्याच्या सुटकेलाही किंमत होती. ती हॉर्नरने भरली, आणि त्याला कोणी विचारलंही नाही.

हे मला उशिरा दिसलं, कारण मी स्वतः रायडर होतो. दोन वर्षांपूर्वी २४ डिसेंबरच्या रात्री मी प्रॉडक्शनवर चुकीची स्क्रिप्ट चालवली. सिस्टीम चार तास बंद. संशय टीममधल्या कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलावर गेला, कारण त्याने आधी एकदा घोळ घातला होता. मी गप्प बसलो. लीडने लॉग पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ दे रे, नाताळ आहे." रिपोर्टात 'नेमकं कारण सापडलं नाही' असं गेलं. त्या मुलावर कारवाई झाली नाही. फक्त पुढच्या रिलीजला त्याला ॲक्सेस मिळाला नाही.

शिक्षा माफ करणं लीडच्या हातात होतं. त्या मुलावरचा डाग माफ करणं त्याच्या हातात नव्हतं. तो डाग पुसणं माझं काम होतं, आणि मी मात्र मिळालेल्या माफीवर खूश होतो.

या डिसेंबरात गोष्ट पुन्हा वाचली आणि त्याला फोन केला. आता तो दुसरीकडे नोकरी करतो. सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, मला तर वाटायला लागलं होतं, की माझ्याच हातून काहीतरी झालं असेल."

माफ केलं की नाही, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.