देऊन टाकलेली गिटार

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी पहिली गिटार घ्यावयाची, हा सकृद्दर्शनी निव्वळ दुकानदारीचा मामला वाटतो. परंतु स्वतःचे स्वामित्व पुरते सोडावयाचे आणि दुसऱ्याचे निर्माण करावयाचे, हे धर्मशास्त्रांनी सांगितलेले दानाचे लक्षण मनाशी धरून पाहिले, तर आपल्याच अपत्यास दिलेली वस्तू आपण खरोखर देतो, की घरातल्या घरात तिची केवळ जागा बदलतो, असा बिकट प्रश्न उभा राहतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र पाहण्यास सांगितले आहे, आणि वाद्याच्या बाबतीत हे पात्र अक्षरशः हाताने मोजून पाहावे लागते. प्रौढांच्या गिटारीत तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६५० मिलिमीटर असते. ती मांडीवर घेतली की लहानग्याचा उजवा खांदा कानाशी जाऊन भिडतो आणि डावा हात पहिल्या पडद्यापर्यंत पोहोचता पोहोचता थकतो. यासाठीच पाव, अर्धी, पाऊण अशा मापांच्या गिटारी होतात. तरीही वाढत्या अंगाचा सदरा शिवण्याची आमची जुनी वहिवाट येथेही आड येते, आणि ‘पुढं उपयोगी पडेल’ म्हणून बाप मोठ्या गिटारीचे पैसे मोजतो. अशा वेळी दान मिळते ते त्याच्या कल्पनेतील भावी वादकाला. समोर उभा असलेला मुलगा त्या वाद्याचा नुसता राखणदार ठरतो. फळावर दृष्टी ठेवून दिलेल्या दानास गीता राजस म्हणते, ते याहून वेगळे नसावे.

दुसऱ्या टोकाला खेळण्यांच्या दुकानातील चकचकीत गिटार आहे. ‘पोराला काय कळतंय?’ ही त्या खरेदीमागची भावना, आणि अवज्ञेने दिलेले ते तामस. या गिटारीची परीक्षा सोपी आहे: तार मोकळी छेडावी, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी, तोच स्वर वरच्या सप्तकात मिळाला पाहिजे. तो न मिळाला, तर बोट अचूक जागी ठेवूनही मुलाला बेसूरच ऐकू येते, आणि आपलाच कान नादुरुस्त आहे असा निकाल ते निमूटपणे स्वतःविरुद्ध देऊन मोकळे होते. साक्ष खोटी वाद्याची, शिक्षा मात्र निरपराध कानाला! तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर बोटे सोलवटतात, ते वेगळेच. म्हणून पोलादी तारांपेक्षा नायलॉनच्या बऱ्या. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारांची टंचाई झाली, तेव्हा न्यूयॉर्कचे वाद्य-कारागीर ऑगस्टीन यांनी सेगोव्हिया या थोर स्पॅनिश वादकाच्या उत्तेजनाने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. युद्धाच्या खात्यावर एवढा एक उपकार जमा धरावयास हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, की अपेक्षाच ठेवली नाही तर रियाज होणार कसा? मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अली अकबर खाँ या आपल्या मुलाकडून किती कठोरपणे साधना करून घेतली, हे सर्वश्रुत आहे. आक्षेप वजनदार आहे, पण तो नीट फोडून पाहिला पाहिजे. बाबांनी मुलाला सरोद दिला आणि त्यासोबत स्वतःची विद्या व उभा दिवस दिला; आम्ही पैसे देतो आणि स्नेहसंमेलनातील टाळ्यांची वसुली मागतो. रोज पाव तास वाद्य हाती घ्यायला लावणे, शेजारी बसून ऐकणे, वेळोवेळी तारा सुरात लावून देणे, हा पालकाचा बेलाशक अधिकार आहे, किंबहुना कर्तव्यच आहे, कारण ते कर्म आहे; त्यातून वादक निपजलाच पाहिजे ही कबुलायत मात्र मुलाने कधी लिहून दिलेली नसते.

स्वामित्व सुटले की नाही, याचा पडताळा वर्षा-दोन वर्षांनी येतो. मुलाचा हात वाढतो, अर्ध्या मापाची गिटार त्याला अपुरी पडते, किंवा गिटारीवरून मन उडून ते तबल्याच्या मागे लागते, आणि मग शेजारच्या चिमुरडीला आपली गिटार देऊन टाकावी असे त्याच्या मनात येते. त्या वेळी बहुतेक घरांत पहिला शब्द निघतो तो ‘मला का विचारलं नाहीस?’ हाच.