अक्षरांची घाई

दिवाळीत फराळाला कुठेही गेले तरी शिक्षकाची शाळा काही सुटत नाही. ताट पुढे येते आणि पाठोपाठ प्रश्न, "मास्तर, आमचा बाळू चार वर्षांचा झाला, पण पाटी-पेन्सिल दिली की पळतो. काय करावे?" मी म्हणतो, "पळू द्या." उत्तर कुणालाच आवडत नाही, चकली मात्र मिळते.

हा माझा लहरीपणा नव्हे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा. पुढे वर्षावर्षाने एकेक टणक होते, आणि चौथ्या वर्षी हे काम अर्धेमुर्धेच झालेले असते. कच्च्या मडक्यात पाणी भरू नये, हे कुंभाराला शिकवावे लागत नाही. शेंगा सोलणारा, मातीचे गोळे वळणारा मुलगा लिहिण्याचीच तयारी करीत असतो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत टप्पा मानली आहेत.

इथवर सारे सोपे आहे. पण एकदा मोलमजुरी करणारी एक आई मला म्हणाली, "खेळायला त्याला गल्ली आहे, गुरुजी. शाळेत अक्षर द्या. आम्हांला कुणी दिलं नाही." सुखवस्तू घरची घाई ही हौस असते, हिची घाई ही भूक होती. भुकेल्याला 'थांब' म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला?

ताराबाई मोडकांची आठवण होते ती इथे. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, बिया, पाने, काड्या हीच तिथली साधने. म्हणजे खेळ हा काही श्रीमंतांचा मक्ता नव्हे! पुढे कोसबाडची आदिवासी मुले गुरे राखायची म्हणून शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली. त्या मुलांना थांबायला सांगितले नाही, आणि त्यांच्या वयावर जुलूमही केला नाही. पण त्या जिथे गेल्या तिथे वर्षानुवर्षे राहिल्या, हे आपण सोयिस्करपणे विसरतो.

त्या आईला मी समजावले, "आत्ता गोष्टी, गाणी, चिंचोके. सहाव्या वर्षी अक्षर नक्की."

तिने पदर सावरला. म्हणाली, "तवा तुम्ही हितंच असाल न्हवं?"